कागदावरची परीक्षा : खर्च सरकारचा की आपल्या घरचा?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की आपल्या घरात दोन सुग्या एकदम येतात. एक शेतातली. हरभरा काढायला आलेला असतो, गव्हाच्या ओंब्या भरलेल्या असतात, कुठे उसाची तोड चालू असते. दुसरी सुगी घरातल्या लेकराची. दहावीचे नाहीतर बारावीचे पेपर तोंडावर आलेले असतात. पहिल्या सुगीचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. बियाण्याला किती गेले, खताला किती, मळणीला किती, हे कुणी झोपेतून उठवून विचारले तरी आपण सांगू. दुसऱ्या सुगीचा हिशेब मात्र आपण कधी मांडत नाही. शाळेत फी भरली, हॉल तिकीट हातात आले, की विषय संपला.

तो हिशेब आज मांडू या. कारण अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. सातबारा घरबसल्या निघतो, मोबाईलवरून पैसे पाठवता येतात, मग परीक्षेलाच एवढे गाडीभर कागद कशाला? छपाई, वाहतूक, पोलीस, तपासणी, एवढा खर्च कशासाठी? सगळ्या परीक्षा संगणकावर घ्या आणि मोकळे व्हा, असे शहरातले लोक म्हणतात. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर आपल्या गावातून पाहिले तर वेगळे दिसते. म्हणून वाचकहो, थोडा वेळ काढून हा जमाखर्च नीट वाचा.

एका प्रश्नपत्रिकेची वाट

आपल्या राज्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून काम करते. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण अशी त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत. दहावी आणि बारावीची परीक्षा हेच मंडळ घेते.

तुमच्या मुलीच्या बाकावर जी चार-सहा पानांची प्रश्नपत्रिका येते, ती तिथवर कशी पोचते ते पाहा. आधी विषयाचे जाणकार शिक्षक गुप्तपणे ती तयार करतात. दुसरे जाणकार ती तपासतात. एकच संच करून भागत नाही, काही दगाफटका झाला तर दुसरा हाताशी हवा. मग गोपनीय छापखान्यात छपाई होते. प्रत्येक माध्यमाची वेगळी, मराठीची वेगळी, उर्दूची वेगळी, इंग्रजीची वेगळी. मोजून पाकिटे बांधायची, मोहोर लावायची. ती पाकिटे बंदोबस्तात परिरक्षण केंद्रावर येतात, म्हणजे जिथे पेपर कुलपात ठेवतात त्या जागी. परीक्षेच्या दिवशी सकाळी सहायक परिरक्षक नावाचा माणूस ती घेऊन आपल्या केंद्रावर जातो. आता तर त्याच्या वाटेचा माग मोबाईलवर ठेवला जातो. केंद्रसंचालक, पर्यवेक्षक, भरारी पथक, बैठे पथक, दारावर पोलीस, एवढे सगळे उभे राहते तेव्हा कुठे घंटा होते.

पेपर सुटला म्हणजे काम संपले असे नाही. उलट वाट सुरू होते. उत्तरपत्रिका मोजायच्या, बांधायच्या, परत पोचवायच्या. तिथून त्या दुसऱ्याच गावच्या परीक्षकाकडे जातात. त्याने तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही नियामक पुन्हा पाहतो. मग गुण विभागीय मंडळाकडे जातात. तेव्हा कुठे मे महिन्यात निकाल लागतो आणि आपण पेढे वाटतो.

बेरीज घालून पाहू

२०२५ च्या परीक्षेला दहावीसाठी १६ लाखांहून अधिक आणि बारावीसाठी १५ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली होती. दहावीची मुख्य केंद्रे ५ हजारांहून अधिक होती, बारावीची ३ हजारांहून अधिक. आता हाताच्या बोटांवर हिशेब करा. दहावीला तीन भाषा, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन आणि समाजशास्त्राचे दोन मिळून साधारण नऊ पेपर. म्हणजे १६ लाख गुणिले ९, झाल्या १ कोटी ४४ लाख उत्तरपत्रिका. बारावीचे सहा विषय धरले तर आणखी ९० लाख. दोन्ही मिळून सव्वादोन कोटींच्या वर. यात पुरवण्या धरलेल्या नाहीत, प्रश्नपत्रिकाही धरलेल्या नाहीत. ही प्रत्येक उत्तरपत्रिका छापावी लागते, पोचवावी लागते, परत आणावी लागते आणि एका माणसाला डोळे घालून वाचावी लागते.

या खर्चाचा मोठा भाग मुलांच्या परीक्षा फीतून येतो. ती फी कुठे जाते याची एक झलक आपल्याला २०२१ साली मिळाली. करोनामुळे त्या वर्षी दहावी-बारावीची लेखी परीक्षा झालीच नाही. दहावीचा निकाल शाळेतल्या मूल्यमापनावर लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला. पालक म्हणाले, परीक्षाच झाली नाही तर फी परत द्या. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडळाने परतावा जाहीर केला. दहावीच्या ४१५ रुपयांपैकी ५९ रुपये आणि बारावीच्या ५२० रुपयांपैकी ९४ रुपये.

पुष्कळांना ही थट्टा वाटली. पण यातून एक गोष्ट उघड झाली. कागदावरच्या परीक्षेचा बराचसा खर्च मूल बाकावर बसण्याआधीच होऊन गेलेला असतो. नांगरट झाली, पाळी झाली, बी-खत घातले आणि पेरलेले उगवलेच नाही, तरी पैसे मातीत गेलेले असतातच. तसाच हा प्रकार.

फीच्या पावतीवर न दिसणारा खर्च आणखी वेगळा. पर्यवेक्षण करणारा आणि पेपर तपासणारा शिक्षक सरकारी तिजोरीतून पगार घेणारा असतो. परीक्षेच्या कामाचे त्याला वेगळे मानधन मिळते, पण ते थोडके. त्या काळात तो आपल्या नववीच्या वर्गाला पूर्ण वेळ देऊ शकत नाही. ज्या शाळेत केंद्र असते, तिथल्या धाकट्या वर्गांना अर्धी शाळा नाहीतर सुट्टी. २०२३ साली कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी आपल्या मागण्यांसाठी बारावीचे पेपर तपासण्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा लाखो उत्तरपत्रिका गठ्ठ्यात पडून राहिल्या होत्या. माणसांच्या हातांवर चालणाऱ्या कामाची ही दुसरी बाजू.

सर्वांत महाग पडते ते फुटलेले पान

कागद, शाई आणि गाडीभाडे यांचा खर्च अंदाजात बसतो. जो बसत नाही, तो पेपर फुटण्याचा. एका कुलपाची एक किल्ली चुकीच्या हातात गेली की सगळी परीक्षा नासते. दुधाच्या भांड्यात मिठाचा खडा पडावा तशी.

२०१५ साली वैद्यकीय प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षा ३ मे रोजी झाली. काही परीक्षार्थींना उत्तरे चोरून यंत्रांवर पुरवली गेल्याचे उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने १५ जूनला ती परीक्षा रद्द केली. २५ जुलैला सहा लाखांवर मुलांची परीक्षा पुन्हा ठेवावी लागली. गैरप्रकार करणारे मूठभर, पण पुन्हा बस पकडली ती सगळ्यांनी. २०१८ साली केंद्रीय मंडळाचा बारावीचा अर्थशास्त्राचा पेपर फुटला आणि तो २५ एप्रिलला पुन्हा घेतला गेला.

२०२४ ची नीट परीक्षा तर सर्वांच्या लक्षात आहे. ५ मे रोजी ५७१ शहरांतल्या ४,७५० केंद्रांवर २३ लाखांवर मुले बसली. झारखंडमधल्या हजारीबाग इथे केंद्रावर आलेल्या पेटीतून पेपर काढला गेल्याचे सीबीआयच्या तपासात पुढे आले. पाटण्यालाही त्याचे धागे निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सबंध परीक्षेची घडी विस्कटली असे दाखवणारा पुरावा नाही, म्हणून २३ जुलैला न्यायालयाने ती रद्द करण्यास नकार दिला. पण तोवर अडीच महिने देशभरातली लाखो घरे टांगणीला लागली होती. त्या जागरणाचा खर्च कोणत्या खात्यात मांडायचा?

तेव्हा, कागदाची परीक्षा महाग आहे आणि तिच्यात जोखीम आहे, हे म्हणणे खरेच आहे. ते आधी कबूल करू आणि मग पुढे जाऊ.

मग संगणकच का नको?

संगणकाच्या परीक्षेत छपाई नाही, पाकिटे नाहीत, पेट्या नाहीत. उत्तरे तिथल्या तिथे नोंदली जातात. एका सत्रात घोटाळा झाला तर तेवढेच सत्र पुन्हा घेता येते. २७ एप्रिल २०२५ ला आपल्या राज्याच्या सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या. त्या सत्रातल्या सुमारे २७ हजार मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा झाली. बाकीच्या लाखो मुलांना तसदी पडली नाही. हाच घोटाळा कागदावर झाला असता, तर सगळ्यांनाच पुन्हा बसवावे लागले असते. मात्र संगणक आला म्हणजे चूक होत नाही, असेही नाही, हे याच उदाहरणावरून ध्यानात ठेवा.

कागद महाग आणि संगणक स्वस्त, हे सरकारने एकेकाळी फीच्या तक्त्यातच लिहून दाखवले होते. अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन ही परीक्षा काही वर्षे दोन्ही तऱ्हेने देता येत असे. २०१८ साली खुल्या गटातल्या मुलाने ती कागदावर द्यायची म्हटली तर फी १,००० रुपये, संगणकावर द्यायची म्हटली तर ५०० रुपये. मुलींना त्याच्या निम्मी. निम्म्या पैशात परीक्षा मिळत असूनही बहुसंख्य मुलांनी दुप्पट पैसे भरून कागदच निवडला. पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०१९ पासून, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी तो पर्यायच बंद झाला आणि परीक्षा संगणकावर गेली. त्याच २०१९ साली आपल्या राज्याची सीईटीही कागदावरून संगणकावर आली.

मुले दुप्पट पैसे का भरत होती, याचा विचार करा. पैसे जड झाले होते म्हणून नव्हे. ज्या मुलाने बारा वर्षे कागदावर उत्तरे लिहिली, त्याला आयुष्याची परीक्षा अनोळखी यंत्रावर द्यायची भीती वाटत होती. पोहायला येत नाही त्याला पूल मोडका असला तरी पूलच बरा वाटतो.

खर्च जात नाही, फक्त घर बदलतो

इथे सगळ्या हिशेबाची मेख आहे. कागदाची परीक्षा शाळेच्या कोणत्याही खोलीत होते. बाके असली, उजेड असला की झाले. म्हणूनच दहावीचे केंद्र आपल्या गावात नाहीतर पाच-दहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात मिळते. पोर सायकलवर नाहीतर एसटीने जाऊन दुपारी घरी जेवायला येते. संगणकाच्या परीक्षेला मात्र शेकडो चालू संगणक, अखंड वीज, जनित्र, इंटरनेट, कॅमेरे असलेली जागा लागते. अशा जागा शहरात असतात. त्यामुळे परीक्षा गावाकडे येत नाही, मूल परीक्षेकडे जाते.

एक नमुना हिशेब घालू. ही आकडेवारी नव्हे, धरून चाललेले आकडे आहेत, तुम्ही आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या. सकाळचे सत्र गाठायचे म्हणून मुलीला घेऊन वडील आदल्या दिवशी निघाले. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे ५०० रुपये. रात्रीचा मुक्काम ६०० रुपये. दोन दिवसांचे खाणे ४०० रुपये. वडिलांचे दोन दिवसांचे काम बुडाले, त्याचे १,००० रुपये. झाले २,५०० रुपये. एप्रिल-मेमध्ये कांदा काढणीला असेल किंवा हळद शिजवायची असेल तर तो घोर वेगळा. अशी एक लाख घरे धरली तर २५ कोटी रुपये होतात. हे पैसे कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाहीत, कारण ते तुमच्या-आमच्या कनवटीचे आहेत. कागदावर सरकारची बचत झाली, प्रत्यक्षात ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले.

भामरागडच्या मुलाला गडचिरोली गाठायची म्हटले तरी दीडशे किलोमीटरहून जास्त वाट आहे. पुण्याच्या मुलाला तीच परीक्षा रिक्षाने जाऊन देता येते. प्रश्न दोघांना सारखेच कठीण असतील, पण परीक्षा सारखी झाली असे म्हणता येईल का?

हे नुसते आपले रडगाणे नाही. विद्यापीठ प्रवेशासाठीची सीयूईटी ही परीक्षा २०२२ साली संगणकावरच सुरू झाली. त्या वर्षी अनेक केंद्रांवर यंत्रे अडली, सत्रे पुढे ढकलावी लागली. २०२४ साली मुलांना जवळचे केंद्र मिळावे म्हणून मोठ्या गर्दीच्या पंधरा विषयांचे पेपर मुद्दाम कागदावर घेतले. त्याही वर्षी अडचणी आल्या, दिल्लीचे पेपर पुढे गेले, निकालाला उशीर झाला. २०२५ साली परीक्षा पुन्हा पूर्णपणे संगणकावर गेली. म्हणजे कागद सोडला तर अंतर वाढते आणि कागद धरला तर सांभाळ वाढतो, हा पेच दिल्लीतल्या जाणत्यांनाही एका झटक्यात सुटलेला नाही.

दहा वर्षांच्या पोरासाठी तालुक्याला केंद्र

कागदाचा खर्च कुठे सार्थकी लागतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे नवोदय विद्यालयाची निवड चाचणी. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले ही चाचणी देतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. अर्जाला फी नाही. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण, आणि ती मराठीतूनही देता येते. उत्तराच्या कागदावर पेनाने गोल काळे करायचे. केंद्र आपल्याच तालुक्यात असते.

आता विचार करा, ही चाचणी उद्या संगणकावर नेली आणि केंद्र जिल्ह्याला गेले, तर डोंगरातल्या वाडीवरून दहा-अकरा वर्षांच्या पोराला घेऊन कितीजण येतील? छपाईचे पैसे वाचतील, पण ज्यांच्यासाठी शाळा काढली तीच मुले गळतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला नको हे खरे, पण मसाला वाचवायला जाऊन कोंबडीच हातची जाऊ नये.

आठवीसाठी असलेली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षाही कागदावरच होते. सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,००० होतात. एका उत्तरपत्रिकेच्या खर्चातून शेतमजुराच्या घरात एवढे पैसे जात असतील, तर त्या कागदाला उधळपट्टी म्हणू नये.

काटकसर कुठे करता येईल?

याचा अर्थ चालले आहे ते सगळे ठीक आहे, असा नाही. काटकसरीला जागा आहे. पण ती आपल्या मुलांच्या वाटेवरून न करता दुसऱ्या जागी करावी.

पहिली जागा पेट्यांच्या वाहतुकीची. नीटच्या गोंधळानंतर २०२४ साली केंद्र सरकारने इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जमेल तिथे संगणकाची शिफारस केली. जिथे ते जमत नाही तिथे प्रश्नपत्रिका छापखान्यातून पेटीने न पाठवता गुप्त संकेताने केंद्रावर पोचवावी, ऐनवेळी तिथेच छापावी आणि मुलांनी उत्तरे कागदावरच लिहावीत, असा मधला मार्ग सुचवला. दुर्गम भागासाठी फिरती परीक्षा केंद्रे असावीत आणि केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांमध्ये संगणक केंद्रे उभारावीत, असेही तिने म्हटले. ही दिशा आपल्या सोयीची आहे. आधी केंद्र जवळ आणा, मग कागद सोडा.

दुसरी जागा चाचण्यांच्या संख्येची. बोर्डाशिवाय इतरही चाचण्या वाढल्या आहेत. राज्यात २०२३-२४ पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पातून खालच्या वर्गांसाठी भाषा, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या छापील प्रश्नपत्रिका राज्याकडून शाळाशाळांत पोचवल्या गेल्या. मूल कुठे अडले हे कळण्यासाठी चाचणी असावीच. पण निकाल पाहून पुढे शिकवण्यात बदल झाला नाही, तर मातीचा नमुना तपासून अहवाल खुंटीला टांगल्यासारखे होते. अशा चाचणीचा कागदच काय, शाईसुद्धा महाग.

तिसरी गोष्ट घाईची. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. हेतू चांगला होता, पण तयारी अपुरी पडली. निकाल महिनोन्महिने लांबले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. नवे यंत्र आणायचे तर एका वाफ्यात करून पाहावे, मग शेतभर करावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आपण आपल्या घरी काय करावे?

वाचकहो, धोरण ठरवणारे ठरवतील. आपल्या हातात जे आहे ते आपण करू या.

मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असतानाच संगणकावर हात बसू द्या. मोबाईल झरझर चालवता आला म्हणजे परीक्षेचा संगणक आला असे नाही. माऊस धरणे, प्रश्न पुढे-मागे करणे, उत्तर नोंदवणे याचा सराव वेगळा. सीईटी, जेईई अशा परीक्षांच्या नमुना चाचण्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. शाळेच्या संगणक खोलीत नाहीतर गावातल्या सेवा केंद्रावर आठवड्यातून एक तास दिला तरी भीती जाते.

अर्ज भरताना केंद्राच्या शहरांची निवड मुलावर सोडून देऊ नका. एसटी कधी सुटते, नातेवाईक कुठे आहेत, मुलीला सोबत कोण जाईल, याचा विचार करून शहरे लिहा. हॉल तिकीट आले की नाव, फोटो, विषय, माध्यम आणि केंद्राचा पत्ता त्याच दिवशी वाचून पाहा. परगावचे केंद्र असेल तर आदल्या दिवशी एकदा डोळ्यांखालून घाला.

निकालात गुण अगदीच अनपेक्षित दिसले तर हातपाय गाळू नका. बोर्डाकडे मुदतीत शुल्क भरून गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि नंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. कागदाचा हा मोठा गुण आहे. तो पुरावा म्हणून मागे राहतो आणि आपल्या डोळ्यांनी पाहता येतो.

पेपर आधी मिळवून देतो असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा पेपरांतले बहुतेक खोटे असतात. खरा निघाला तर ती चोरी असते. परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याचा १९८२ चा कायदा आहे. देशपातळीवरच्या परीक्षांसाठी २०२४ चा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला असून, संघटित टोळीसाठी त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटीचा दंड आहे. कॉपी पुरवायला खिडकीशी जमणारी गर्दी ही त्याच चोरीची धाकटी बहीण. केंद्रावर कॉपी चालते अशी ख्याती झाली की पथके वाढतात, बंदोबस्त वाढतो, आणि तो खर्च शेवटी आपल्याच फीतून आणि आपल्याच करातून निघतो.

आणखी एक काम गावाने मिळून करण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या बैठकीत नुसत्या सह्या करून उठू नका. शाळेतले संगणक चालू आहेत का, विजेचे बिल थकले म्हणून खोलीला कुलूप आहे का, मुलांना त्यावर प्रत्यक्ष बसवतात का, हे विचारा. तालुक्याच्या गावी संगणकाचे परीक्षा केंद्र व्हावे, असा ग्रामसभेत ठराव करा आणि आमदार-खासदारांना द्या. रस्ता मागतो, पाणी मागतो, तसे परीक्षा केंद्रही मागायची गोष्ट आहे.

कागद कायम राहावा असा आपला हट्ट नाही. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा आपण कुरकुरलो नाही, पण ट्रॅक्टर बांधापर्यंत येईल अशी वाट आधी केली. परीक्षेचेही तसेच व्हावे. तालुक्याच्या गावी चांगले केंद्र उभे राहिले, आपल्या लेकरांचा हात यंत्रावर बसला, की कागद खुशाल जाऊ दे. तोवर छपाईचा आणि बंदोबस्ताचा खर्च सरकारने सोसावा. तो सोसला नाही, तर तेच पैसे एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत आपल्या घरातून निघतील, आणि ज्या घरात ते निघणार नाहीत, त्या घरचे मूल परीक्षेला बसणारच नाही.